पूर्णेत सोडलेला मासा

वऱ्हाडात शिरलो तो शिंकत. आगगाडीने जिथवर नेले तिथवर गेलो, पुढे बैलांच्या हवाली झालो, आणि अकोला यायच्या आधीच कापसाचे तंतू नाकात गेले. रस्त्याकाठच्या बाभळींनी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतला कापूस ओरबाडून घेतला होता. काटे नसते, तर झाडे फुलली आहेत असेच वाटले असते. दूर अमेरिकेत भाऊबंदकी पेटल्यापासून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली आहे, आणि वऱ्हाडाला चांदीची. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या. बैलांच्या चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

अकोल्याच्या कापूसबाजारात एक धिप्पाड गृहस्थ तांबड्या कापडात गुंडाळलेली उंच काठी घेऊन उभे होते. कोण्या देवाची काठी असावी असे समजून मी हात जोडले.

“देव नाही पंत, गय हाये,” ते म्हणाले. (गय म्हणजे मासे धरायचा गळ.) “पन जोडले त जोडू द्या. सकाळपासून चौघांनी जोडले.”

हे गणाजी पाटील. पूर्णेकाठी त्यांचे गाव आणि भरपूर काळी जमीन. काठी त्यांना कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाने दिली होती. हा साहेब मासे धरतो तो पोटासाठी नव्हे, करमणुकीसाठी. मोठा सापडला की त्यात भुसा भरून बंगल्याच्या भिंतीवर लावतो आणि खाली पितळी पाटीवर धरणाऱ्याचे नाव कोरतो. मेलेल्या माशाने जिवंत पाहुण्यांकडे टक लावून पाहावे, यात काय शोभा आहे ते मला कळले नाही. पाटलांना कळले होते. भिंतीवरच्यापेक्षा मोठा मासा आणलास तर तुझे नाव लावीन, असे साहेबाने त्यांना सांगितले होते.

अडचण एवढीच होती की पाटलांची लेक सखू बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात पोटुशी बाई असताना घरच्या पुरुषाने जीव मारायचा नाही, अशी तिकडची रीत. सखूची पहिली खेप वाया गेली होती, त्यामुळे यंदा घरात कोंबडीसुद्धा निर्धास्त फिरत होती. पाटील रोज गळ टाकत, मासा धरत आणि सोडून देत. रिकाम्या हाताने घरी आल्यावर त्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे.

“तुमी चला,” पाटील मला म्हणाले. “बामन मासा खात नाही, म्हून तुमाले लोभ नाही. अन् तुमी परगावचे, म्हून खोटं बोलाचं कारन नाही. असा साक्षीदार मले भेटत नव्हता.”

माझी इतकी किंमत पूर्वी कोणी केली नव्हती. मी त्यांच्या दमणीत (प्रवासाच्या हलक्या बैलगाडीत) बसलो.

त्या भागात विहिरीचे पाणी खारट, म्हणून प्यायला नदीचे आणतात. पाटलीणबाईंनी माझ्यासाठी वेगळी चूल मांडून दिली. शिधा इतका दिला की माझ्या स्वयंपाकाच्या कौशल्याला लाज वाटावी. बाहेर ओसरीवर पाटलांचे मेहुणे किसन बसले होते. त्यांचा मुक्काम बहिणीकडे आणि तोंडाचा मुक्काम भाऊजींवर.

“काय भाऊजी, काल केवढी मासोयी सोडली? घागरीएवढी का रांजनाएवढी?”

“उद्या साक्षीदार येऊन राह्यला. मंग बोल.”

“पंतांले मासोयी अन् बेंडूक यातला फरक त कयते ना?”

आतून सखू हसली.

सकाळी आम्ही डोहावर गेलो. पाटलांच्या गळाने पहिल्याच फेकीला माझे पागोटे धरले. ते नदीत बुडवून, पिळून मला परत देण्यात आले. रीतीप्रमाणे त्यालाही जीवदान मिळाले. मग कणकेची गोळी गळाला लावून ते बसले. मीही ओल्या डोक्याने बसलो. या खेळात मुख्य काम बसण्याचेच आहे, आणि ते मला जमते.

ऊन चढले तसा दोरा एकदम ताणला. पाटील उठले, चिखलात घसरले, गुडघ्यांवर पुन्हा उठले. मासा त्यांना डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत होता. कोणी कोणाला धरले आहे, हे बराच वेळ ठरेना. शेवटी काठाच्या उथळ पाण्यात तो आडवा झाला. पितळी परातीसारखी त्याची खवले चमकत होती. पाटलांनी आपला हात कोपरापासून त्याच्या अंगाला लावून मापले.

“दीड हात,” ते हळूच म्हणाले. “साहेबाचा सव्वा हाये.”

मासा कल्ले उघडीत होता, मिटीत होता. पाटलांचा एक हात त्याच्यावर आणि एक खांद्यावरच्या पंच्याकडे.

“पंत, तुमचं शास्त्र काय सांगते? मी मारला नाही, तो गाडीतच मेला, असं झालं त?”

“शास्त्रात अशा सोयी पुष्कळ आहेत,” मी म्हणालो. “पण त्या आमच्यासाठी केलेल्या आहेत. तुम्हाला लागू पडतील की नाही, सांगता येत नाही.”

ते हसले नाहीत. “माह्यं नाव कोनाच्या भिंतीवर नाही, पंत. माह्या बापाचंबी नव्हतं.” पंच्याकडचा हात त्यांनी मागे घेतला. “पन पोट्टी घरी आल्यापासून रातची जागीच असते. मले इचारते, ‘बाबा, यंदा ठीक होईन ना?’ मी काय सांगू तिले?”

त्यांनी गळ काढला. मासा पाण्यात सरळ धरून ठेवला. त्याने शेपूट हलवली, पाटलांच्या तोंडावर पाणी उडवले आणि डोहात गेला. आभार मानायची त्याची पद्धत असेल.

घरी मी साक्ष दिली. “दीड हात,” मी म्हणालो.

“पाह्यलं?” किसन ओरडले. “भाऊजींनी पाजलेलं पानी पंतांले चढलं! वीतभर असन, वीतभर!”

पाटील पाय धुवायला गेले. मला फार वाईट वाटले. सत्य सांगून इतका तोंडघशी पडलो, तर खोट्याने काय झाले असते!

पुढे उमरावतीला (अमरावतीला) गेलो. मोठा परकोट, आत कापसाचे ढीग आणि ढिगांवर बसून दुनियेचे भाव ठरवणारी माणसे. मुक्काम बरेच दिवस झाला. निघायच्या आदल्या दिवशी बाजारात एका गाडीवर उभे राहून कोणी तरी दोन्ही हात पसरून बोलत होते. गाडीवर किसन!

“गोऱ्ह्याएवढी मासोयी! भाऊजींनी हातानं सोडली! अन् आठ रोजांत आमच्या सखूले पोरगी झाली, दोघीबी खुशाल! अरे, हे पाहा पंत, यायनं डोयानं पाह्यलं! सांगा पंत, केवढी व्हती?”

सगळा बाजार माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “दीड हात.”

“पंत भिडस्त हायेत,” किसन लोकांना म्हणाले. “कमी करून सांगतेत.”

परतीच्या वाटेवर पाटलांकडे उतरलो. सखू दाराशी बाळाला पायांवर घेऊन तेल लावीत होती. बाळाचे नाव पूर्णा ठेवले होते. पाटलांची काठी कोपऱ्यात उभी होती.

“साहेबाकडे जाणार?” मी विचारले. “आता मारायला हरकत नाही.”

“जाऊन काय करू? येवढ्या मोठ्या मासोयीनंतर बारकी कोन टांगते?” मग मला अंगणात नेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “दीडच हात व्हती पंत, मले मालूम हाये. पन आता खरं सांगाची सोय नाही राह्यली. काल बाळंतीनच म्हने, माह्या पोरीसाठी बाबांनी दोन हाताची मासोयी सोडली. आता अर्धा हात कमी करून तिले कमीपना आनू का?”

घरी आल्यावर मित्रांनी वऱ्हाडच्या चांदीविषयी विचारले, ती सांगितली. मग माशाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो केवढा होता, असे त्यांनी विचारले. भुसा भरलेला मासा जेवढ्यास तेवढा राहतो. पाण्यात सोडलेल्याची तशी खात्री देता येत नाही. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडले, पूर्णेकाठची ती ओसरी डोळ्यांपुढे आली, आणि मी म्हणालो, “दोन हात.”