आत्याचे तीन वार

आत्या गेली हे मला तिघांनी फोन करून कळवलं आणि मी तिघांवरही विश्वास ठेवला नाही. यात माझा दोष नाही. मागच्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मला सोमवार सांगितला, शेजारणीला मंगळवार आणि बाबांच्या मित्राच्या मुलीला, कुंदाला, बुधवार. सोमवारी मी चहाचा थर्मास घेऊन नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात तासभर उभा, आणि ही तिच्या सदर भागातल्या घरी आरामात पोहे खात बसलेली. जाब विचारला तर म्हणाली, "कोण कोणाले सांगते, ते पाहून राहिली होती." नव्वदी ओलांडलेली बाई! असल्या बाईच्या मरणाची बातमी माणसानं एका दमात खरी कशी मानायची? मी सदरला गेलो, तिला पाहिलं, तेव्हा कुठे पटलं... आणि पटल्यावर आधी रागच आला. कारण एक उत्तर तिनं चारचौघांत द्यायचं राहिलं होतं.

ते उत्तर बेचाळीसच्या सालातलं. बाबा, कुंदाचे वडील आणि श्यामचे वडील असे तिघे मित्र भूमिगत पत्रकं वाटायचे. त्यांचा चौथा सोबती पकडला गेला आणि तुरुंगातच वारला. खबर गटातल्याच कोणीतरी दिली होती. त्यांचे पुढारी मास्तर. त्यांनी फितूर शोधायचं काम दिलं माझ्या आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला. बाईमाणसावर पोलिसांची नजर जात नाही, हा त्यांचा हिशेब. आत्यानं तिघांनाही वेगवेगळं गाठून एकच गोष्ट सांगितली, की तेलंगखेडीच्या देवळाजवळ बाहेरगावचा माणूस कागद घेऊन येणार आहे, तुम्ही तिकडे फिरकू नका. फक्त वार निरनिराळे सांगितले. बाबांना गुरुवार, कुंदाच्या वडलांना शुक्रवार, श्यामच्या वडलांना शनिवार. मग विटकं लुगडं नेसून, बोरांची टोपली घेऊन ही तिन्ही दिवस देवळाच्या पायरीशी बसली. त्यातल्या एका दिवशी साध्या वेशातले पोलीस आले. कोणत्या दिवशी, ते पाहिलं फक्त तिनं. साहजिकच मास्तरांनी नाव विचारलं.

"नाही सांगत," आत्या म्हणाली. "तुम्ही त्याले मारसान."

मास्तरांनी समजूत घातली, दम दिला, शेवटी हात जोडले. ही ढिम्म. गट फुटला, स्वातंत्र्य आलं, तिघांची लग्नं झाली, आणि संशय मात्र तिघांच्याही घरात भाड्यानं राहायला आला तो आलाच. बाबांना सत्काराला बोलवायचे आणि मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजायचं. मी लहानपणी ते ऐकलंय. एका शब्दानं हे सगळं थांबलं असतं, आणि तो शब्द दर गुरुवारी आमच्या हुडकेश्वरच्या घरी येऊन वरणभात जेवून जायचा! हो, दर गुरुवारी. समोरच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीवर, पाठ भिंतीला लावून, दाराकडे तोंड करून बसायची. खुर्ची हलवलेली तिला खपायची नाही.

बाबा शेवटच्या आजारात त्याच खोलीतल्या त्यांच्या नेहमीच्या दिवाणावर पडून असायचे. एकदा माझ्यासमोर त्यांनी तिला विचारलं, "ताई, मी नव्हतो. तुले तं ठाऊक आहे ना?" ती म्हणाली, "मले ठाऊक आहे कोण होता." आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. हे काय उत्तर झालं? बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवसाबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

बाबा गेल्यावर मी तिचा पिच्छाच पुरवला. "काहून पाहिजे तुले?" हे तिचं ठरलेलं. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "पोलीस शुक्रवारी आले होते. तुले एकट्यालेच सांगून राहिली. कुठं बोलशील तं पाहून घे." बाबांचा वार गुरुवार! माझा जीव भांड्यात पडला. पुढे कित्येक वर्षं मी ताठ मानेनं फिरलो, आणि शपथेवर सांगतो, बायकोलासुद्धा बोललो नाही.

तेरवीला कुंदा वाढत होती. आता लपवायचं कोणासाठी, असं वाटून मी म्हटलं, "आत्यानं मला सांगितलं होतं. शुक्रवार."

कुंदाचा हात कढीच्या भांड्यातच राहिला. "शुक्रवार तं आमच्या बाबाले सांगितला होता, भाऊ," ती म्हणाली. "मले तं आत्या म्हणे शनिवार. एकटीलेच सांगतो म्हणे."

शेजारच्या पानावरून श्याम हळूच म्हणाला, "शनिवार आमचा होता. मले गुरुवार सांगितला."

बघा आता! प्रत्येकाला दुसऱ्याचा वार देऊन तिनं तिन्ही घरं निर्दोष सोडली होती, आणि तिघांनीही तोंड बंद ठेवलं म्हणून ते टिकलं. आता तीन घरांत मिळून एकही वार खरा धरता येईना. कोणी कोणाकडे बघेना. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर? फोटोला हार घातलेला... शेवटी कुंदाच म्हणाली, "जेवा गा. कढी थंडी होऊन राहिली." आम्ही जेवलो. कढी चांगली झाली होती.

परवा गुरुवारी बायको म्हणाली, ती खुर्ची आता सरकवू या, येता-जाता पायात येते. सरकवण्याआधी मी सहज त्या खुर्चीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाठ भिंतीला लावली, समोर पाहिलं. दार दिसलं, आणि दाराच्या अलीकडे, त्याच नजरेत, बाबांचा दिवाण. आम्ही समजत होतो की ती दाराकडे बघत बसते. ती बाबांना राखत होती, की बाबांवर नजर ठेवून होती?

खुर्ची मी होती तिथेच ठेवली आहे. विचारायचं तर तिलाच विचारायला हवं, आणि ती काय म्हणाली असती तेही मला पाठ आहे. "काहून पाहिजे तुले?"