तेलाच्या वाटीतला चेहरा

आईला पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टरांच्या आधी मला माझी रास आठवली. वृश्चिक. चंद्र नीचेचा, त्यात ज्येष्ठा नक्षत्र. मूल आईला जड आहे, असं पत्रिका मांडणाऱ्या जोशीकाकांनी मी जन्मलो तेव्हाच सांगितलं होतं. नक्षत्रशांती होईपर्यंत मला आईपासून दूर ठेवलं, आणि तिने माझा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो तेलाच्या वाटीत, प्रतिबिंब म्हणून. ती हे हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही. वृश्चिकेचा चंद्र म्हणजे खोल विहीर, पाणी असतं पण वर येत नाही, असं म्हणतात. माझं मन तसंच. रत्नागिरीत नोकरी, पालीजवळच्या गावी आई एकटी. अंतर फार नव्हतं, तरी मी सणापुरताच जायचो. माझी सावली तिच्यावर नको, अशी मनाची समजूत घालायचो.

त्या संध्याकाळी मी आलो म्हणूनच ती चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशी कोसळली.

इस्पितळाने घरी पाठवल्यावर ती घास गिळेना. माझी पत्नी पेज भरवायची, ती ओठांतून ओघळायची. मी पडवीत बसून असायचो. एकदा तिचा हात धरला होता, तर तिला ताप चढला. त्यानंतर खोलीत पाऊल टाकायचा धीर होईना.

"बरी सापडली तुम्हांला रास, बाहेर बसून राहायला!" पत्नी आतून म्हणाली. तिचंही खरं होतं.

शेवटी ग्रामदेवीला कौल लावायला गेलो. गुरवदादांनी देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर आईजवळ जायचं, डावी पडली तर लांब राहायचं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या तुज्या लेकरान् आवशीजवळ जावं का लांब ऱ्हावं, काय तो निवाडा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

पाकळी हलेना. बराच वेळ गेला. मागे एक अनोळखी बाई तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. तिला ओटी भरायची होती. तिने मूल माझ्यापुढे धरलं.

मी मागे सरकलो. "मला नको देऊ. माझी रास चांगली नाही."

"अवो काका, पोर धरायला रास कसली बगता? हात हायत ना?"

पोर माझ्या खांद्यावर आलं, थोडं कुरकुरलं आणि झोपलं. पोरीची लाळ सदऱ्यातून अंगाला लागली. मी श्वास रोखून वाईट काहीतरी घडायची वाट पाहत उभा राहिलो. काही घडलं नाही. बाईने मूल परत घेतलं, तेव्हा वळून पाहिलं तर दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. गुरवदादा समईत तेल घालत होते. आधी कुठली पडली, कुणीच पाहिलं नव्हतं.

"परत लावू?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आवशीपाशी कोन हाय आता?"

"बायको."

"नि तू हितं?"

मी घरी आलो, हातपाय धुतले आणि पेजेची वाटी घेऊन आईजवळ बसलो. मान खाली घालूनच चमचा पुढे केला. तिचा चालता हात हळूहळू वर आला, माझ्या हनुवटीला लागला आणि तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं. किती तरी वेळ ती पाहत राहिली. मग तिने पेज गिळली. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हातावर पडलं, तरी तिने हात काढला नाही.

श्रावण सरायच्या आत आई गेली. मी जवळ गेलो नसतो तर ती आणखी जगली असती का, हा प्रश्न अजूनही मला झोपू देत नाही. पण शेवटचे ते दिवस तिला मीच भरवलं. एवढं पदरात पडलं, तेही माझ्या लायकीपेक्षा जास्त. ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. आता देवळात गेलो की कौल लावत नाही. दुसऱ्या कुणाचं गाऱ्हाणं चाललेलं असतं, त्यात मागे उभा राहून मीही म्हणतो, "व्हय म्हाराजा."