कोकिळाबाईचा सडा

हिंगणीत सून म्हणून आल्यापासून कोकिळाबाईनं दारातला सडा कधी चुकवला नव्हता. उठायचं, उंबऱ्यापुढं पाणी शिंपडायचं, दोन रेघा रांगोळी ओढायची, मग चहा. घरात मयत झाली तरच सडा राहायचा. नवरा गेला तेव्हा राहिला. आणि पोरानं, कैलासनं, तिला बोरगाव मेघेच्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं, तेव्हापासून रोजच राहत होता.

तिथं कमी काय होतं? काहीच नाही, हीच तर पंचाईत! चहा हातात, केस तिथली सेविका काजल विंचरणार, पोलक्याची बटणंही तीच लावणार. जरा उठलं की "आजी, बसा ना तुम्ही!" बसून बसून हातपाय आखडले, पण ऐकतं कोण?

"मले सडा टाकू द्या न मॅडम," तिनं आश्रम चालवणाऱ्या छाया मॅडमला विनवलं.

"फरशी आहे आजी. शकुंतलाबाई कशा पडल्या, पाहिलं ना?"

मॅडम वाईट नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात रांगोळीचं स्टिकर चिकटवून दिलं. कोकिळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सडा नाई म्हंजे दारात सुतक! मी जित्ती आहो न अजून?"

मग तिनं कुणाला विचारलंच नाही. पहाटे उशाचा तांब्या उचलला आणि ओंजळभर पाणी खोलीच्या दारात शिंपडलं. किती दिवसांनी बरं वाटलं बाईला!

फरशी पुसायला आलेल्या काजलनं ओल पाहिली. बिचारी हळूच म्हणाली, "संडासपर्यंत जाणं नाई झालं का आजी? लाजू नका. होते या वयात." आणि त्या संध्याकाळी तिनं कोकिळाबाईला डायपर बांधलं.

खरं सांगावं, तर तांब्या जाणार अन् झाकणाची बाटली येणार. न सांगावं, तर ही लाज. बाळंतपणातही जिनं आपलं लुगडं आपणच धुतलं, तिच्यावर ही पाळी! पदर तोंडात कोंबून ती खूप रडली.

कैलासचा फोन आला. "माय, काजल सांगून राह्यली होती... तुले तरास होते म्हणे?"

कोकिळाबाईनं उशाच्या तांब्याकडं पाहिलं.

"हो रे बापा. होते कधी कधी."

पहाटे ती भिंत धरत, डायपर सावरत दाराशी गेली.

"गळलं वाटते आजी," सकाळी फरशी पुसताना काजल म्हणाली. "आज जरा घट्ट बांधून देईन."

"बांध माय," कोकिळाबाई म्हणाली, "अन् तांब्यात पाणी भरून ठेवजो."