दुसरा सर्व्हर उठलाच नाही

मित्रांनो, आज दुपारी आमच्या चाकणच्या कंपनीतला मुख्य सर्व्हर बंद पडला; उत्पादनाची सगळी लाइन त्याच्यावरच चालते, आणि तो सांभाळणं माझं काम. अशा वेळी क्लाउडवरच्या दुसऱ्या सर्व्हरने आपोआप काम हाती घ्यायचं असतं. त्याने घेतलं नाही.

"एकदा चाचणी घेऊन बघू," असं मी साहेबांना कितीदा म्हटलं होतं. "त्यासाठी लाइन थांबवता येणार नाही," हेच उत्तर यायचं. आज लाइन थांबलीच.

दुसऱ्या शिफ्टच्या कंत्राटी बायकांना हजेरी न लावता, म्हणजे आजच्या मजुरीविनाच, गेटवरून परत पाठवलं. त्यात मोशीच्या आमच्या शेजारीण शेवंताताई होत्या. मला बघून त्या थांबल्या.

"काय बिघडलंय, भाऊ?"

"सर्व्हर."

"मग आमची हजेरी का न्हाई लागायची?"

मित्रांनो, त्यांना तुम्ही काय सांगितलं असतं?