मुलीचा आजार गावाला कुणी सांगितला?

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. रत्नागिरीत माझी नोकरी संपत आली होती. मुरुडकडचे एक बागायतदार आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन आले. त्यांच्या मुलीला पूर्वी फिट येत. औषधाने त्या थांबल्या होत्या. शहरातल्या एका वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर, ‘फक्त कार्यालयासाठी’ असलेल्या रकान्यात मुलीने हे खरं खरं लिहिलं होतं. आता ते गावभर झालं होतं आणि ठरलेलं लग्न मोडलं होतं.

“कार्यालयातल्या काकूंनीच फोडलं,” ते म्हणाले.

काकू मंडळाचं काम एकहाती सांभाळत. त्यांचा जबाब घेतला.

“साहेब, इतकी वर्षं लग्नं जुळवत्ये. सख्ख्या बहिणीलाही कधी बोलल्ये नाही.”

खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत नेतो. या बाई एवढंच बोलून रडू लागल्या. माझा विश्वास बसला, पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे.

मग नवऱ्या मुलाच्या मामाला बोलावलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

मामा माझ्यावरच चिडले. “सोयरीक करायची तर चौकशी नको? पूर्वी गावात माणूस धाडायचो. आता मोबाइलवर मुलीचं नाव टाकलं, सगळं समोर आलं.”

“दाखवा करून.”

त्यांनी दाखवलं आणि मी हादरलो. पासवर्ड नाही, काही नाही. अख्खा फॉर्म उघडा! तिच्यासारखेच इतर मुलींचेही. कुणाचा घटस्फोट, कुणाचं ऑपरेशन. एक नाव माझ्या मित्राच्या मुलीचं होतं. मी मोबाइल पालथा ठेवला.

सायबरच्या अधिकाऱ्याने कारण शोधलं. फॉर्म भरून घेणाऱ्या प्लगइनमध्ये, म्हणजे वेबसाइटला जोडलेल्या तयार प्रोग्राममध्ये, खोट होती. दुरुस्ती केव्हाच आली होती. ‘अपडेट करा’ ही सूचना रोज स्क्रीनवर झळकत होती. पण मागे एकदा अपडेट केल्यावर मराठी अक्षरांचे चौकोन झाले होते. तेव्हापासून त्या बटणाला हात लावायचा नाही, असं मंडळाच्या अध्यक्षांचं फर्मान होतं. काकू ते इमानाने पाळत होत्या!

दुरुस्ती होईपर्यंत साइट बंद करायला लावली. बागायतदारांनी काकूंची माफी मागितली. मोडलेलं लग्न मात्र जुळलं नाही.

पुढे एकदा काकू बाजारात भेटल्या. “सगळ्यांनी फॉर्म नव्याने भरलेत हो. आजाराच्या रकान्यात एकजात ‘नाही’.”

“आणि त्या मुलीने?”

“तिनेही.”

आयुष्यभर मी लोकांना ‘खरं बोला’ म्हणून दरडावत आलो. त्या मुलीला ते सांगायला मात्र मला तोंड नव्हतं.