समुद्राकडची खिडकी

शेजारची ही पोरगी कोणाच्याही घरी गेली की आधी भिंतीला उलटा हात लावून पाहते, मग पाणी मागते. समुद्रकाठच्या तेल कारखान्यांलगतची घरं उकाड्यात अन् उधाणात कशी टिकतील, यावर ती संशोधन करते.

परवा तिनं ते प्राध्यापकांपुढे मांडलं. आम्ही अकोल्यात तिच्या आईजवळ बसून मोबाइलवर पाहत होतो. तिनं आखलेल्या घराच्या समुद्राकडच्या खिडकीचं प्राध्यापकांनी फार कौतुक केलं.

तिथंही ही वऱ्हाडीच बोलली. "सर, मी अकोल्याची. वारा म्हणजे मले झळच वाटते, म्हणून नकाशात तिकडं मी नुसती भिंत काढली होती. खिडकी तिथल्या कोळीण मावशीनं काढाले लावली. नाव तिचं लिहा."

तिचा आवाज गल्लीत जावा म्हणून मी भर दुपारी खिडकी उघडली. झळ आत आली.

"येऊ द्या, भाऊ," तिची आई म्हणाली.