चौथ्या बाजाराची सुई

मी आता अकरावीला वाशिमला असते. खोलीवर मैत्रिणी म्हणतात, जगदेवकाकाची आरोळी काढ. काढते, आणि मालेगावचा आठवडी बाजार, ओली गोणपाटं, सगळं जवळ येतं.

"या माय, वांगे पाहा, देठ पाहा, मंग घरधन्याकडं पाहा." शेवटचा 'हा' काका इतका लांबवत, की बाया हसत हसत टोपलीशी बसत.

मी पाचवीत होते तेव्हा काकांना कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले; वाफ्यात एक माणूस बसून बोलतो, म्हणत. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या दिल्या. अंजनाकाकू गोळी हातावर ठेवत, काका वरून पाणी पीत, आणि गोळ्या सापडत वांग्याच्या वाफ्यात. मग महिन्याचं इंजेक्शन ठरलं. एकदा टोचलं की औषध चार आठवडे अंगात हळूहळू झिरपत राहतं, मग त्याचा जोर ओसरतो.

काका म्हणाले, "रोजच्या कटकटीपरीस एक डाव टोचा."

काकू दिवस मोजत बाजारावर. चौथा बाजार झाला की सुई. दोन वर्षं बिनचूक चाललं. काका पुन्हा टोपलीमागे बसले. काय ते बाजार होते.

मग एका वर्षी पोळ्यामुळे बाजार भरला नाही. पुढच्या आठवड्यात मैदानात गुडघाभर पाणी. काकूंनी दोन्ही धरले नाहीत. न भरलेला बाजार मोजायचा कसा?

चौथ्या बाजाराला काका गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसले. एका बाईनं वांगी मागितली तर हळूच म्हणाले, "थांबा, हे बोलून राह्यले."

काकूंचा चेहरा उतरला. पुन्हा तेच दिवस आले तर माणूस बाजारातून उठणार, घरातूनही. तोच काकांनी त्यांचा पदर ओढला.

"अवं, किती बाजार झाले?"

"आजचा चौथा. उद्या जाऊ ना."

"उद्या काहून? तो वाफ्यातला मानूस परत आला. आताच चाल."

टोपली शेजारच्या दौलतसिंगकडे सोपवून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. निता सिस्टरनं कार्ड पाहिलं.

"सहा हप्ते झाले, काकू. बाजार भरो न भरो, औषध उतरतेच."

"मले काय मालूम," काकू पुटपुटल्या.

सुई घेऊन काका पायजमा सावरत बाहेर आले. "सिस्टर, पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिवा. हिच्या बाजाराचा भरोसा नाही."

"दोन वरसं मीच आणलं तुमाले."

"तू आणलं. आता मी येत जाइन," असं म्हणत काकांनी कार्ड स्वतःच्या खिशात घातलं.